शेट्येबाबांचा दुसरा शनिवार

शेट्येबाब गेल्याचा फोन आला तेव्हा कॉलेजातल्या माझ्या खिडकीपाशी मुलांची रांग होती. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. फोन त्यांच्या पुतण्याचा. "काका सकाळी गेले," एवढंच तो म्हणाला. मी "येते" म्हटलं आणि पुढच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला तपासायला घेतला. रांग संपवून, स्कूटर काढून पेडण्याहून डिचोलीला पोचले तोवर त्यांना नेऊन झालं होतं. अंगणातल्या खुर्च्यांवर वेगवेगळ्या कॉलेजांतले, शिष्यवृत्तीच्या कारकुनांच्या आमच्या मंडळाचे लोक बसले होते. सगळे आपापली रांग संपवून आलेले, त्यामुळे कोणालाच शेवटचं दर्शन मिळालं नव्हतं. शेट्येबाबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आमच्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना हे आवडलं असतं. मला नाही आवडलं."

शेट्येबाब डिचोलीच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघत. निवृत्त झाल्यावरही आमच्या मंडळाचे सचिव तेच राहिले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. शिष्यवृत्तीच्या कारकुनाची प्राचार्यांना आठवण होते मुदतीच्या आठवड्यात आणि मुलांना होते पैसे अडकल्यावर. एरवी तो कुठे बसतो हे शिपायालाही नीट सांगता येत नाही. पूर्वी आम्ही सगळे पणजीला शिक्षण खात्याच्या व्हरांड्यात हातात फायली घेऊन उभे असायचो. प्रश्न सगळ्यांचे तेच, पण ओळख कोणाची कोणाशी नाही. एकदा शेट्येबाबांनी तिथेच वही काढून सगळ्यांचे नंबर उतरवून घेतले. "वेगवेगळं विचारलं की साहेब वेगवेगळं सांगतात. एकत्र विचारूया," म्हणाले. झालं मंडळ. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक, पाळीपाळीने प्रत्येक कॉलेजात. पत्रं तेच लिहीत, नव्या माणसाला काम तेच शिकवत, आणि येताना स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून गावच्या पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे, म्हणजे गोल पाव, आणत. वहिनींनी केलेली पातळ भाजी डब्यात असे. आमच्यातल्या कित्येकांनी मंडळ धरून ठेवलं ते त्या भाजीसाठी, असं ते स्वतःच म्हणायचे.

बैठकीची त्यांची एक रीत होती. आधीचं इतिवृत्त नाही, स्वागत नाही. सुरुवातीला प्रत्येकाने त्या महिन्यातली आपली एक चूक सांगायची. पहिल्याच बैठकीत सगळे खात्याला, संगणकाला आणि मुलांच्या आईबापांना शिव्या घालत होते. शेट्येबाब ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी परवा एका मुलाचा अर्ज भलत्याच योजनेत घातला. आता तुम्ही सांगा." शेवटी फोंड्याचे एक गृहस्थ म्हणाले, "शेट्येबाब, हें मंडळ काय चर्चमधली कबुलीजबाबाची खोली?" "न्हय रे," शेट्येबाब म्हणाले, "तिथे माफी मिळते. इथे फक्त दुरुस्ती." नियम दोनच होते. कोणी हसायचं नाही, आणि 'मी असतो तर' असं म्हणायचं नाही. ते नाव न घालता चूक वहीत लिहीत, ती कशी निस्तरायची ते सांगत आणि "पुढे" म्हणत. कितीतरी मुलांचे अर्ज त्या अर्ध्या तासात बुडता बुडता वाचले आहेत. वर्तमानपत्रात हे कधी आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आता माझं. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात दर्शना नावाची मुलगी होती. तिचे वडील मूळचे दोडामार्गकडचे. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवत, खाणी थांबल्यावर पार्श्याला काजूच्या बागेत कामाला लागले. तिच्या अर्जाला वडिलांचा रहिवासी दाखला जुना जोडला होता. असा अर्ज 'दुरुस्तीसाठी परत' पाठवायचा असतो. मग मूल मामलेदार कचेरीतून नवा दाखला आणतं आणि काम होतं. मी घाईत 'नामंजूर' दाबलं. नामंजूर म्हणजे त्या वर्षापुरतं दार बंद. पण आठ दिवसांच्या आत कॉलेजने 'आमच्याकडून चूक झाली' असं पत्र दिलं तर खातं अर्ज पुन्हा उघडत असे. ही सवलत शेट्येबाबांनीच खात्याच्या मागे लागून मिळवली होती. मला ती माहीत होती. फक्त त्या पत्रावर प्राचार्यांची सही लागते, आणि त्याच महिन्यात वरच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं.

त्या आठ दिवसांतच दुसरा शनिवार आला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "एका अर्जावर शिक्का मारायचा राहिला." शेट्येबाबांनी लिहून घेतलं. दर्शना खिडकीशी आली ती नंतरच्या सोमवारी. "मॅडम, माझें कितें जालें?" मी म्हटलं, "नामंजूर झाला. वरून." "कशान?" "दाखला जुना होता." दाखला जुना होता हे खरंच होतं... ती मान डोलावून गेली.

पुढे दोनेक महिन्यांनी शेट्येबाब कसल्याशा कामाला पणजीला गेले तेव्हा त्यांनी नामंजूर अर्जांची यादी बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "पार्श्याच्या त्या चेडवाचा अर्ज वरून नाही गेला गो बाय. इथून गेला." त्यांनी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलं. "आठ दिवस होते," म्हणाले. रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मला जमतं. ते उठून गेले. त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी माझी पाळी आली की मी काहीतरी बारीकसं सांगायची, ते लिहून घ्यायचे, आणि पेन तसंच वर धरून क्षणभर थांबायचे. मग "पुढे". इतर कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. मला वरची जागा मिळाली. दर्शनाने दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं आणि हरमलला पर्यटकांच्या खोल्यांच्या एका गेस्ट हाउसात कामाला लागली, असं कानावर आलं. मी हरमलला जायचं टाळू लागले.

शेट्येबाबांना शेवटचं भेटले ती त्यांच्या घरी. पोटाचं दुखणं होतं, माणूस निम्मा झाला होता. "कितें गो, मुदत चालू असताना तू इथे?" हाच पहिला प्रश्न. मी मोसंबी ठेवली, वहिनी चहा करायला आत गेल्या आणि मी घाईघाईने म्हटलं, "शेट्येबाब, ती पार्श्याची दर्शना... चूक माझी होती."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. तिला सांग."

"आता काय फरक पडणार तिला?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "ते तू ठरवायचं नाही. ती ठरवील." एवढ्यात चहा आला आणि ते वहिनींशी साखरेवरून वाद घालू लागले. मुदत संपली की हरमलला जाऊन येते, असं मी त्यांना निघताना सांगितलं. मुदतीच्या दोन दिवस आधी ते गेले.

तेराव्यानंतर मी हरमलला गेले. दर्शना काउंटरमागे चाव्या लावत होती. मला बघून "मॅडम! तुम्ही इथे?" म्हणत तिने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही, बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते. झालं ते क्रमाने सांगितलं. चुकीचं बटण, आठ दिवस, पत्र, सही, आणि 'वरून'. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एक परदेशी बाई टॉवेल मागायला आली, तिला टॉवेल दिला. मग विचारलं, "म्हणजे बाबांच्या दाखल्यामुळे नाही?"

"नाही. नवा आणायला वेळ मिळाला असता."

"ते अजून म्हणतात मॅडम, माझ्यामुळे तुझं शिकणं राहिलं. मामलेदाराकडे वेळेत गेलो नाही म्हणून. दर वर्षी रिझल्ट लागतात तेव्हा म्हणतात." तिने मोबाईल उचलला, बाबांचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मला नको सांगायला. तुम्हीच सांगा."

मी तिच्या बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पलीकडे बागेत कोणी लाकूड तोडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत," आणि फोन बंद झाला. दर्शनाने मोबाईल परत घेतला. बाहेरून परीक्षा देऊन राहिलेलं वर्ष पुरं करता येतं, अर्ज मी भरून देते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "बघते." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नव्हती.

गेल्या दुसऱ्या शनिवारी डिचोलीच्या कॉलेजात बैठक झाली. सचिवाचं काम तूर्त माझ्याकडे दिलं आहे. उंडे मी आणले, ते दुपारपर्यंत वातड झाले. कुठल्या पोदेराकडचे घ्यायचे ते शेट्येबाबांना विचारायचं राहूनच गेलं. वही उघडली आणि मी पहिली माझी चूक सांगितली, नाव, गाव आणि वर्षासकट. नियमाप्रमाणे कोणी हसलं नाही. फोंड्याचे ते गृहस्थ खिडकीबाहेर बघत राहिले. मी "पुढे" म्हटलं.

पुढे होती सत्तरी तालुक्यातली एक नवी मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. ती म्हणाली, "मॅडम, आज मी जे सांगणार होते ते... खरी चूक ती नाही. एक अर्ज नामंजूर झालाय माझ्याकडून."

"कधी?"

"सोमवारी."

मी बोटांवर मोजलं. तीन दिवस उरले होते. चहा तसाच ठेवून आम्ही दोघी पत्रावरच्या सहीसाठी तिच्या प्राचार्यांच्या घरचा पत्ता शोधायला उठलो.