एका डिस्कची दोन अक्षरं

मिरजोळ्याला आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिथे कॉम्प्युटर आला. तो बसवायला मुंबईहून आलेल्या माणसाशेजारी मी दोन दिवस वही घेऊन बसले. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी दोनदा विचारून घेतली. डिस्क होती चाळीस एमबीची, पण मशीन चालवणाऱ्या आमच्या डॉसला एका अक्षराखाली बत्तीसच्या पुढे जाता येत नव्हतं. म्हणून त्याने तिचे दोन भाग पाडले, सी आणि डी. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक लहानसा तक्ता असतो, इथपासून इथपर्यंत सी आणि पुढचं डी, असा. आपण डी मागितला की डॉस तो तक्ता धरून त्याच डिस्कवरची पुढची जागा काढून देतं.

"दिसतात दोन, पण वस्तू एकच," तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या हंगामाआधी मालकांनी पुण्याहून कॉम्प्युटर अधिकारी आणला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पुण्यात कोर्स केलेला. रस कुठल्या दिवशीचा, किती तापमानाला शिजवला, डबे कुठल्या नंबरचे, या नोंदी मी प्रयोगशाळेच्या वहीतून भरायच्या आणि खाली सही त्याने करायची, असं ठरलं.

त्याच हंगामात, मे महिन्यात त्याने नव्या फाइलवर जुनी फाइल चढवली. मी शेजारीच उभी होते. दोन दिवसांच्या डब्यांवर चुकीचे नंबर गेले. पॅकिंगच्या बायकांना ते सगळे डबे पुन्हा धुऊन, पुसून, नवी लेबलं लावत बसावं लागलं. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी केलं. तो शांतपणे म्हणाला, "टायपिंगच्या बाईंना मशीन दिलं की असं होतं."

मी बोलायला लागले, तर मालक म्हणाले, "पुरे."

पॅकिंगच्या बायका महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यातली एक आमच्याच वाडीतली. ती एसटीच्या थांब्यावरही पाठ करून उभी राहायची. मला तिचा राग आला नाही. सगळा राग मी एकाच माणसासाठी राखून ठेवला.

नोंदींची प्रत मी दर शनिवारी फ्लॉप्यांवर काढायची, ते त्याने पावसाळ्यात बंद केलं. "इथल्या हवेत बुरशी धरते. सीवरून डीवर कॉपी केली की झालं," तो म्हणाला.

"सर, डी वेगळी डिस्क नाहीय."

"बाई, स्क्रीनवर दोन दिसतात ना?"

दुसऱ्या कुणाला मी पुन्हा समजावलं असतं. त्याला म्हटलं, "मग तसा हुकूम ऑफिसच्या ऑर्डर-बुकात लिहून द्या." तो हसला. फ्लॉपीवर प्रत काढू नये, डी ड्राइव्हवरची पुरेशी आहे, असं लिहून त्याने खाली झोकात सही केली. ती सही वाळेपर्यंत मी बघत होते.

मी मात्र दर शनिवारी फ्लॉप्यांवर प्रती काढत राहिले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून घरच्या तांदळाच्या पिंपात ठेवायची. आई विचारायची, हे काय आणलंस. मी सांगायची, ऑफिसचं आहे, हात लावू नकोस.

दुसऱ्या हंगामात एका सकाळी मशीन सुरू करताना आतून किरकिर ऐकू आली. पाट्यावर वाळू घासावी तशी. दुसऱ्या दिवशी जास्त. डिस्क बिघडतेय, हे मी समजले. त्याच्या टेबलाशी पंखा घरघरत असायचा, त्याला ऐकू गेलं नसावं. मी आठवडाभर कुणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज बंद पडावी.

ती पडली नेमकी निर्यातीच्या तपासणीचे साहेब यायच्या दिवशी. ते दुपारी येणार होते आणि हंगामाच्या सगळ्या नोंदी दाखवायच्या होत्या. मालक आले तेव्हा तो म्हणाला, "सी गेलाय, पण काळजी नको. डीवर सगळं आहे." डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करून त्याने डी मागितला. असा ड्राइव्हच नाही, म्हणून उत्तर आलं. त्याने पुन्हा मागितला. चार-पाचदा तरी मागितला असेल. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला तो बघायला बरं वाटत होतं.

मी वर्कशॉपमधून स्क्रूड्रायव्हर आणला, मशीनचं झाकण काढलं आणि म्हटलं, "सर, यात डी कुठला ते मालकांना दाखवा."

आत एकच डिस्क होती.  मग मी ऑर्डर-बुक उघडून मालकांपुढे ठेवलं.

मालकांनी ते वाचलं. "म्हणजे नोंदी गेल्या?"

"माझ्या घरी आहेत. पण आधी यांनी गेल्या वर्षीच्या लेबलांचं खरं सांगावं. पॅकिंगमध्ये, सगळ्यांसमोर."

मालक त्याला म्हणाले, "चला."

पॅकिंगच्या टेबलांपुढे उभा राहून तो इतकंच म्हणाला, "ती चूक माझी होती."  मी म्हटलं, "मागच्यांना ऐकू आलं नाही." त्याने पुन्हा सांगितलं. वाडीतली ती बाई मान खाली घालून लेबलं लावत राहिली.

मालकांच्या जीपने जाऊन मी डबा आणला. मशीनच्या एका खाचेत डॉसची फ्लॉपी, दुसरीत माझी, असं करत नोंदी छापून काढल्या. एका फ्लॉपीला खरंच बुरशी धरली होती. तो आठवडा प्रयोगशाळेच्या वहीवरून हाताने टाइप केला. साहेब आले तेव्हा कागद तयार होते.

महिन्याभरात तो पुण्याला परत गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही काही ऐकायचं नव्हतं. कॉम्प्युटरच्या सामानाच्या कपाटाची किल्ली मालकांनी माझ्याकडे दिली. देताना विचारलं, "डिस्क बिघडतेय, हे तुला आधी कळलं होतं काय गो?"

"आठवडाभर," मी म्हटलं.

किल्ली त्यांनी परत मागितली नाही. पण पुढच्या शनिवारपासून शिपाई यायचा आणि फ्लॉप्यांचा आणखी एक संच मालकांच्या घरी घेऊन जायचा. तो संच मीच काढून द्यायची.