जोडवी कधी काढली?

“प्रीएक्लॅम्प्सिया आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “गरोदरपणात रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. बाळाला रक्त कमी मिळतं, आईला झटके येऊ शकतात. ऐकलंय का कधी याबद्दल?”

ऐकलं होतं. दोन तासांपूर्वी मी हेच वीस बायकांना शिकवत होते. तपासणीच्या टेबलावर आडवी पडून मी मान डोलावली. इतकी लाज वाटली की भीती वाटायला जरा उशीरच झाला.

मी मसोलीत राहते. पाड्यांवर गरोदर बायकांचे आणि बाळंतिणींचे गट चालवायला गावच्याच बायकांना तयार करायचं, हे माझं काम. धोक्याची लक्षणं मला झोपेतून उठवून विचारा: डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज. तरी माझं डोकं चार दिवस ठणकत होतं आणि मी गोळ्या खाऊन त्याचं खापर तलासरीच्या एसटीच्या धक्क्यांवर फोडत होते. आठवडाभरापूर्वी जोडवी रुतायला लागली, तेव्हा साबण लावून काढली. सासूबाईंना सांगितलं, उजळायला दिलीत. पहिलंच बाळ, बत्तिसावा आठवडा. शिकवणारीला काही होत नाही, असा माझा समज असावा.

त्या वीस जणींत सखुबाई होत्या, डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रांचं कार्ड हातात दिलं की त्या ते बाजूला ठेवून समोरच्या बाईचे पाय चाचपत बसायच्या. यांना जमणार नाही, दुसरी कोणी बघा, असं मी संस्थेच्या कार्यालयात सांगून बसले होते. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

प्रशिक्षणाच्या चौथ्या दिवशी घरभेटीचा सराव होता. एकीनं गरोदर बाई व्हायचं, दुसरीनं तिच्या घरी जायचं. एरवी पोटाला ओढणी बांधावी लागते. मी आयतीच होते. माझ्या भूमिकेच्या कार्डावर ‘सगळं ठीक’ होतं, म्हणून मी उत्तरंही तशीच दिली. डोकं दुखत नाही. दिसतं नीट.

सखुबाईंनी माझा पाय मांडीवर घेतला, नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला, तर खड्डा तसाच.

“जोडवी कधी काढली?”

“हे कार्डावर नाही, सखुबाई.”

“कार्ड राहू दे. कधी काढली?”

“आठवडा झाला.”

“आन् डोकं?”

मी कार्ड खाली ठेवलं. बाकीच्या बायका हसायच्या बेतात होत्या, त्याही थांबल्या.

“तूच शिकवलंस ना, अशा बाईला एकटी सोडायची नाय,” सखुबाई म्हणाल्या. “चल, ऊठ.”

जेवून जाऊ म्हटलं, तर त्यांनी मनगट सोडलं नाही. रिक्षातही सोडलं नाही. दवाखान्यात बीपी निघालं एकशे सत्तर-एकशे दहा. तिथून रुग्णवाहिकेनं सिल्वासाच्या मोठ्या रुग्णालयात.

पहिल्या दिवशी मॅग्नेशियम सल्फेट दिलं. झटके येऊ नयेत म्हणून हे औषध शिरेतून देतात. अंगात भट्टी पेटल्यासारखं होतं, पण ते तात्पुरतं असतं, घाबरू नका. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली. मग वाट बघणं. नवरा, मनोज, बाहेरच्या बाकावर बसून होता आणि दर तासाला आत येऊन माझी बोटं मोजल्यासारखी बघून जायचा. बाळ राहील ना, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सिझर झालं. मुलगी, सोळाशे ग्रॅम. तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा मीही रडले.

सतरा दिवस ती नवजात बालकांच्या कक्षात होती. कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं, मी शेकडो वेळा बाहुली घेऊन शिकवलं आहे. बाहुलीला श्वास नसतो. मी दमले की मनोज शर्ट काढून बसायचा.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, “अजून दोन दिवस डोकेदुखीच्या गोळ्या खात बसला असतात, तर आज तुम्ही तिघं घरी गेला नसतात.”

म्हणून सांगते. गरोदर असाल तर दर तपासणीला बीपी मोजून घ्या. डोकं दुखतंय, सूज आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि विचारणाऱ्याला खरं सांगा.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा तिला घेऊन सखुबाईंच्या पाड्यावर गेले. गट त्याच चालवतात. कार्यालयातलं माझं म्हणणं मी केव्हाच मागे घेतलं होतं. ओटीवर बायका गोल बसल्या होत्या. एक पहिलटकरीण पदर सारखा करत म्हणाली, मला काहीच त्रास नाय.

सखुबाईंनी माझ्याकडे बघितलं. “ताई, तू सांग तुझं.”

मी पाय पुढे केले. जोडवी आता पुन्हा घातली होती. कार्ड बघून कसं खोटं बोलले, ते सगळं सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. ती पहिलटकरीण मात्र हसली नाही. तिनं साडीखालून पाय हळूच बाहेर काढला. बोटं मोकळी होती, जोडव्यांचे वळ अजून ताजे होते.

सखुबाई अंगठा टेकवेपर्यंत मी रिक्षावाल्याला फोन लावला होता.