अक्कांचा होकार

सुई जागेवर होती. एक्स-रेच्या पडद्यावर तिचं टोक मला हवं होतं तिथेच दिसत होतं. अक्का ऑपरेशन थिएटरच्या टेबलवर पालथ्या झोपल्या होत्या, पूर्ण जाग्या. मी मशीनचा करंट किंचित वाढवला आणि विचारलं, "अक्का, पायात मुंग्या येतात का?"

"हो."

"रोज दुखतं तिथेच येतात ना?"

"हो, हो."

दुसरं 'हो' माझा प्रश्न संपायच्या आत आलं होतं. मला ते आवडलं नाही. मी त्यांना न सांगता करंट बंद केला आणि पुन्हा विचारलं, "आणि आता?"

"हो, आता बी येतात."

"अक्का, आता मशीन बंद आहे."

मग उशीतून आवाज आला, "बंद असंल मग."

मी भूलतज्ज्ञ. गेली काही वर्षं भूल देणं कमी करून जळगावात फक्त दुखण्यावर उपचार करते. 'पेन क्लिनिक' अशी पाटी आहे. पाटी वाचून सुरुवातीला एक गृहस्थ पेनाची रीफिल मागायला आले होते, पण ते असो. जुनी कंबरदुखी, पायात उतरणारी कळ, ज्याला लोक सरसकट सायटिका म्हणतात, ते माझं रोजचं काम. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, तरी कळ जात नाही आणि ऑपरेशन करावं इतकं बिघडलेलंही नाही, अशा माणसांसाठी एक उपाय असतो: पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी. आम्ही पीआरएफ म्हणतो. एक बारीक सुई कण्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाशी नेऊन ठेवायची आणि तिच्या टोकातून करंट सोडायचा, पण सलग नाही, थांबत थांबत. दूध उतू जाऊ नये म्हणून आपण गॅस कमी-जास्त करत राहतो ना, तसं. टोक बेचाळीस डिग्रीच्या वर तापू द्यायचं नाही. त्यामुळे नस जळत नाही, तिची कटकट तेवढी कमी होते. कायमची नाही, पण काही महिने नक्की, आणि तेही नस बरोबर निवडली असेल तर.

सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. नस बरोबर आहे का, हे एमआरआय पूर्ण सांगत नाही. पेशंट सांगतो. म्हणून तर त्याला जागं ठेवायचं, हलका करंट द्यायचा आणि विचारायचं, मुंग्या कुठे आल्या? रोजच्या दुखण्याच्या जागी आल्या तर नस बरोबर. आणि माझी पेशंट बंद मशीनलाही हो म्हणत होती.

"अक्का, खरं सांगा. मघाशी मुंग्या कुठे आल्या होत्या?"

"अंगठ्यात."

"आणि रोज दुखतं कुठे?"

"रोज? रोज तर मांडीच्या मागून पोटरीत, न् तठून टाचेत."

"मग हो काबरं म्हणालात?"

"बाई, तुम्ही इतकी मेहनत करू ऱ्हायल्या. इतकी मोठी मशीन. नाही कसं म्हनू?"

अंगठ्याची नस वेगळी आणि टाचेची वेगळी. मी सुई काढली, पट्टी लावली आणि अक्कांना बाहेर पाठवलं.

बाहेर त्यांचा मुलगा दिनेश बसला होता. फैजपूरजवळच्या गावात यांची केळीची बाग. माणूस सरळ, पण आवाज मोठा. "मॅडम, झालं? इतक्या लवकर?"

"झालं नाही. थांबवलं."

"मशीन बिघडली का?"

"मशीन ठीक आहे. तुमच्या आई बिघडल्या आहेत. प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात."

त्याला हसू आलं नाही. गावात आता 'अक्काचं ऑपरेशन अर्धं सोडलं' अशी बातमी जाणार, हे त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

आमच्या हॉस्पिटलचे मालक महाजन सर, हाडांचे सर्जन. अक्कांना त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली दिसते. खरं ना?"

"खरं."

"त्याच नसेला तुम्ही टेस्टचं इंजेक्शन दिलं. बाई म्हणाल्या, बठ्ठं दुखणं गेलं, काही उरलं नाही. खरं ना?"

"म्हणाल्या."

"मग अडलं कुठे?"

"त्या नुसत्या 'म्हणाल्या', तिथेच अडलं."

सर चिडले की चष्मा काढतात. त्यांनी काढला. "बघा काय ते. पण लवकर बघा."

टेस्टचं इंजेक्शन म्हणजे काय, तेही सांगते. पीआरएफच्या आधी त्याच नसेपाशी थोडं भुलीचं औषध देतात. काही तास ती नस झोपते. तेवढ्यात पेशंटने नेमकं ते काम करायचं, ज्यात दुखतं. दुखलं नाही तर गुन्हेगार सापडला. अक्कांना दुखायचं ते मांडे करताना. खापरावरचे पुरणाचे मांडे. चुलीवर मातीचं खापर उपडं ठेवायचं, पाटावर बसून सैल कणकेत पुरण भरायचं, ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत परातीएवढी करायची आणि कमरेतून वळून खापरावर टाकायची. असं तासन् तास. पंचक्रोशीतल्या लग्नांत अक्कांना मांड्यांसाठी मानाने न्यायचे. दुखणं वाढल्यावर दोन मांडे झाले की त्या पाय धरून आडव्या व्हायच्या. टेस्टच्या दिवशी मी बजावलं होतं, "घरी जाऊन मांडे करा, मग मला सांगा."

मी बाहेर येऊन दिनेशला विचारलं, "त्या दिवशी मांडे केले होते का?"

"नाही मॅडम. आईले कशाले हातच लावू दिला नाही. इंजेक्शन घेतलेलं माणूस. बाजेवरून उठू दिली नाही. बठ्ठे भेटाले येऊन गेले."

"मी करायला सांगितलं होतं."

"कसे करतीन, मॅडम? दिवाळीनंतर वडील गेले न आमचे, नाना. घरात दुखवटा हाये. आखाजी झाल्याशिवाय आमच्यात पुरन शिजत नाही."

मी धुळ्याची. पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. घरातलं माणूस गेलं की पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने घागर भरतात, तिच्यापुढे पुरणाचा नैवेद्य ठेवतात आणि मगच त्या घरात पुन्हा गोडधोड सुरू होतं. तोवर खापर माळ्यावर. म्हणजे दिवसभर बाजेवर पडून राहिलेल्या बाईला कुणी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, नाही. आणि त्यावर मी आणि सरांनी शिक्का मारला.

अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. बसणं त्या टाळत होत्या. मी म्हटलं, "अक्का, एवढी घाई का करत होतात? चुकीच्या नसेला उपचार झाला असता तर?"

यावेळी लगेच हो आलं नाही. त्यांनी पदर सारखा केला. "नाना दुसऱ्याच्या हातचा मांडा खात नव्हते, बाई. लग्नात जेवाले बसले तरी विचारत, आपल्या घरच्या हातचा हाये का? आता त्यांच्या घागरीपुढे सुनेच्या हातचा ठेवू? सून गुनाची हाये. पन ते नाही म्हनतीन." मग थोडं थांबून, "आखाजी आली जवळ. म्हनून म्हटलं, हो म्हनून टाकावं. लवकर होईन."

पीआरएफचा गुण लगेच येत नाही. दोन-तीन आठवडे तरी जातात. आखाजीला महिनाभर होता, म्हणजे हातात वेळ होता, पण आणखी एक चूक करण्याइतका नव्हता. आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडीसाठी बाई कण्यात सुई घ्यायला तयार होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती सुई भलतीकडे नेली होती.

टेस्ट पुन्हा करायची ठरली, यावेळी टाचेच्या नसेची. ती कमरेखालच्या त्रिकोणी हाडातल्या छिद्रातून बाहेर येते. प्रश्न होता मांड्यांचा. अक्कांच्या घरी पुरण शिजणार नाही. हॉस्पिटलात चूल पेटवायची परवानगी सर देणार नाहीत.

"माझ्या घरी करू," मी म्हटलं. "पिंप्राळ्यात मागे अंगण आहे, चूल आहे. आमच्याकडे दुखवटा नाही. पुरण मी शिजवते."

अक्कांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्हाले येतं?"

"येतं." हे विधान थोडं धाडसाचं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी इंजेक्शन दिलं. तासभर झोपवून ठेवलं. मग उभं केलं. "टाचा उचला, चवड्यांवर चाला." भुलीने पाय जड झाला असता तर चुलीजवळ नेलं नसतं. पाय भक्कम होता. दिनेश गोधडीत गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन रिक्षात बसला होता. सुनेने कणीक तिंबून डब्यात दिली होती. रिक्षावाल्याने विचारलं, लग्न कुणाकडे?

अंगणात खापर चढलं. अक्का पाटावर बसल्या. माझ्या पुरणाचा गोळा हातात घेतला, जरा दाबला.

"बरं झालंय का पुरण?" मी विचारलं.

"छान झालंय, बाई."

पहिला मांडा खापरावर पडला. दुसरा. मी समोर वेताच्या मोढ्यावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुखणं शून्य ते दहा या आकड्यांत मोजा, असं आमचं शास्त्र सांगतं. मी यावेळी काहीही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या मांड्याला दिनेश न राहवून म्हणाला, "आई, दुखते का व?" मी त्याला हातानेच गप्प केलं. अक्कांनी ऐकलंच नव्हतं. त्या वळत होत्या, टाकत होत्या, उलटत होत्या, घडी घालून बाजूला ठेवत होत्या. पुरण संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग परात रिकामी बघून म्हणाल्या, "इतकंच केलं होतं का?"

मला उत्तर मिळालं. शेजारच्यांनाही मांडे मिळाले.

त्याच आठवड्यात टाचेच्या नसेला पीआरएफ केलं. हलका करंट दिला. "मुंग्या कुठे, अक्का?" या वेळी त्यांनी वेळ घेतला. "पोटरीत... खाली... टाचेत. हीच ती मेली." मी करंट बंद केला. "आता?" "आता नाही." असं 'नाही' ऐकायला बरं वाटतं. पुढची काही मिनिटं मशीन टिक-टिक करत राहिलं आणि काम झालं. सरांनी विचारलं, मी झालं म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा घातलेलाच होता.

आखाजी होऊन गेल्यावर अक्का तपासणीला आल्या. उन्हाने चेहरा लाल झालेला. दिनेशला त्यांनी बाहेरच बसवलं होतं. मी खुर्ची दाखवली तर बसल्या, तेही न सावरता. 

"मांडे केले?"

"केले. घागरीपुढे ठेवले नानांच्या. माह्या हातचे."

"दुखलं?"

"पहिल्या घाण्याले नाही दुखलं. शेवटी शेवटी टाचेत कळ आली थोडी. पहिल्यासारखी नाही, पन आली. बठ्ठी गेली असं मी म्हननार नाही."

मी मान डोलावली. मग त्या जरा पुढे झुकल्या.

"न् बाई, एक सांगू? त्या दिवशी तुमचं पुरन पातळ झालं होतं. मांडा फाटू पाहत होता. तवा नाही बोलली मी."

यावरून टाचेबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं धरायला हरकत नव्हती. मी केसपेपरवर लिहिलं: बराच आराम, पूर्ण नाही. पेशंटच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येतो.