पत्र्याला लावलेला हुक

रघूदादा मिस्त्रींचा डोळा माझ्या चुकीमुळे गेला, हे मी वीस वर्षे लपवले. काल फाटकाला लाल रंग देताना त्या दिवशीच्या रंगाचा तोच वास आला.

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मी जुन्या रेसगाडीला पुढून ओढायचा हुक बसवत होतो. दादा म्हणाले, “बोल्ट चासीच्या लोखंडी सांगाड्यात घाल बाबा. हुक आहे तो, लिंबू-मिरची नव्हे!” त्यांची पाठ वळताच मी घाईने तो पत्र्यालाच आवळला आणि वर लाल रंग फासला.

सरावात गाडी वाळूत रुतली. ती ओढून काढायला दोर ताणताच हुक उखडून समोर उभ्या दादांच्या डोळ्यावर बसला.

दवाखान्यात वर्कशॉपच्या मालकांनी विचारले, “कोणी लावला होता?” दादांनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले, थांबले, मग म्हणाले, “मीच.” तेव्हा मला हायसे वाटले. ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते, हे काल फाटक रंगवताना उमगले.

ब्रश तसाच टाकून मी त्यांच्या घरी गेलो.

“दादा, तो हुक मी पत्र्याला लावला होता. मला माफ करा.”