मोकळी लाइन

आमच्या ताईला कुणीही ‘हॅलो’ म्हटलं की ती आधी ‘कोण हवंय?’ असं विचारते, अगदी समोरच्या दुकानदारालासुद्धा. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायर, आणि दूरदूरच्या माणसांची गाठ घालून द्यायची. बोर्ड कधीच भंगारात गेला, पण ताई अजून त्याच्यासमोर बसल्यासारखी ताठ बसते. मी तिची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहते आणि तिची बोलणी खाते.

ताईने मोबाइल घेतला नाही. ‘जन्मभर कान दुसऱ्यांना दिले, आता पुरे’ म्हणते. घरचा फोनही काढून टाकला. राहिला तो एक कॉम्प्युटर, आणि तोही तिच्या मुलीसाठी. मुलगी म्हणजे आमची भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मी हे नाव ठेवलं, आणि मोठी होऊन ती जी गेली ती खरंच पार समुद्रापलीकडे. दर रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरवर फोन करायची. ताई त्याआधी केस विंचरून, चांगले कपडे घालून, चष्मा पुसून तयार. मला हसू यायचं. ‘मुलीशी बोलायचंय की नोकरीच्या मुलाखतीला निघालीस?’ असं मी विचारलं की ताई माझ्याकडे अशी बघायची की मी गप्प.

जाताना भिंगरीने त्या कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवून दिली होती. कुठलाही नवा प्रोग्रॅम इंटरनेटला जोडू लागला की पडद्यावर लाल चौकोन येतो आणि विचारतो: परवानगी द्यायची की रोखायचं? शेजारच्या एका गृहस्थांना कुणीतरी कॉम्प्युटरवरून गंडवलं होतं, त्यामुळे भिंगरीने बजावलं होतं, ‘आई, ओळखीचं नाव नसेल तर सरळ रोख. विचारसुद्धा करू नकोस.’ ताईला हे फार पटलं. एक्स्चेंजमध्येही तसंच असायचं म्हणे. महत्त्वाचा कॉल यायचा असला की आधी बाकीच्यांना थोपवायचं आणि लाइन मोकळी ठेवायची.

मग तो एक रविवार आला. भिंगरीने सांगितलं, तिकडे स्वतःचं घर घेतेय, आता परत यायचं काही नक्की नाही. ताई म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. आणि उठून चहा ठेवायला गेली. ताईच्या ‘बरं’ला किती कंगोरे असतात ते मला ठाऊक आहे. भिंगरीलाही असणार.

त्यानंतर फोन येईना. पडद्यावर भिंगरीच्या फोटोशेजारी एक ठिपका असतो, ती आली की हिरवा होतो. तो करडाच राहायला लागला. ताई तशीच केस विंचरून बसायची. मी वर गेले की दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढलेली असायची. आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत बसायचो, चहा गार व्हायचा, आणि मग ताई म्हणायची, ‘कामात असेल.’

‘मी लावते तिला माझ्या मोबाइलवरून,’ मी एकदा म्हणाले.

‘खबरदार. ज्याला बोलायचं असतं तो लावतो. मागे लागून बोलायला लावलेलं मला नको.’

खरी गोष्ट अशी की ताईने आयुष्यात स्वतःहून कुणाला फोन केलेला नाही. बोर्डावरून आपला कॉल लावायचा नाही, हा तिथला नियम होता, आणि तो तिच्या हाडीमाशी खिळला होता. भिंगरी मला मेसेज करून विचारायची, ‘आई बरी आहे ना?’ मी लिहायचे, ‘बरी आहे.’ त्यापुढे तीही काही विचारत नव्हती. आईवर गेलीय.

मला ताईचा राग यायचा. पण एकदा मी वर गेले तेव्हा ती भिंगरीच्या खोलीत खिडकीच्या काचा पुसत होती. काचा मळवायला त्या खोलीत कुणी जातच नाही. मला पाहून म्हणाली, ‘आवाज तरी ऐकायला मिळावा गं. घर तिकडे का घेईना.’ मग मी काय रागावणार?

एका रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर वर गेले. ताईने नुकताच कॉम्प्युटर चालू केला होता. लाल चौकोन आला. ताईचा हात सराईतपणे ‘रोखा’वर गेला.

‘कोण होतं ते?’ मी विचारलं.

‘कोण जाणे. महाचिवट आहे मेला. दर रविवारी मशीन चालू केलं की हाच आधी दारात उभा. मी घालवून देते आणि मग तिची वाट बघत बसते.’

‘दर रविवारी? कधीपासून?’

‘झाले की बरेच दिवस. तिचा फोन यायचा बंद झाला तेव्हा…’

ताई बोलता बोलता थांबली. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चौकोन पुन्हा आला. या वेळी आम्ही दोघींनी डोकी जवळ आणून नीट वाचलं. नाव अनोळखी, चित्रही नवं; पण खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव तेच होतं. भिंगरी ज्यावरून फोन करायची त्याच प्रोग्रॅमचं बारसं कुणीतरी नव्याने केलं होतं.

ताईने ‘परवानगी द्या’ दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातून एकामागून एक चिठ्ठ्या वर यायला लागल्या. भिंगरीचा चुकलेला कॉल. भिंगरीचा चुकलेला कॉल. एकही रविवार तिने सोडला नव्हता.

ताईचा चेहरा मला बघवेना. ‘तिकडे नुसती घंटा वाजत राहिली असेल,’ ती म्हणाली. ‘मी लोकांना सांगायचे, पलीकडून कुणी उचलत नाही. पुढे काही बोलायचेच नाहीत बिचारे.’

ठिपका हिरवा झाला होता. मी म्हटलं, थांब, ती करेल आता. ताईने नकारार्थी मान हलवली आणि सरळ भिंगरीच्या फोटोवर दाबलं. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःचा कॉल लावला.

‘आई?’ भिंगरीचा चेहरा पडद्यावर आला. डोळे भरलेले. ‘आई, इतकी रागावलीस माझ्यावर?’

मी उठायला लागले तर ताईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘तुझ्यासाठी लाइन मोकळी ठेवत होते.’