फोटोवरचा हार

नाटकवाल्यांच्या घरी रद्दी आणि किस्से दोन्ही साठत जातात. रद्दी निदान विकता येते! आमच्या संगीत नाटकाचे किस्से सांगायला लागलो की लोक आधी हसतात, मग अर्धा चहा तसाच ठेवून निघतात.

मूळ नाटक फ्रेंच, विनोदी. घरच्यांची माया खरी का खोटी, हे बघायला एक म्हातारा व्यापारी मेल्याचं सोंग घेतो. आम्ही त्याला गुळाचा व्यापारी केला आणि बारा पदं घातली. शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी तालीम व्हायची. मी पेटीवर. व्यापारी झाले आमचे आप्पा. वय अडुसष्ट, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, पण आवाज खणखणीत. "एवढं एक नाटक करू दे, मग गप बसतो," असं त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, कबूल केलं होतं.

*

दुसऱ्या अंकात आप्पांच्या फोटोला हार घालून त्यांची नाटकातली बायको खोटं खोटं रडत गाते. काकींनी ते ऐकलं आणि उभ्याच राहिल्या.

"जित्या माणसाच्या फोटूला हार? अजिबात न्हाय! चला घरी!"

मग प्रॉपर्टी, म्हणजे नाटकाचं सामानसुमान, सांभाळणारा दिलीप जुन्या बाजारातून एक फ्रेम घेऊन आला. आत कुणी अनोळखी फेटेवाला, मिशीत हसणारा. "लांबनं कोण बघतंय!" दिलीप म्हणाला.

काकींनी फोटो निरखून बघितला. "बरं. पर एक जरी अपशकून झाला, तर ह्यास्नी घिऊन जाणार."

*

त्या फोटोच्या पहिल्याच तालमीत हार पडला. दिलीपनं खिळा बदलला. पडला. सुतळीनं बांधला. गाठ जशीच्या तशी, हार खाली!

"दिल्या, गाठ मारतोयस का फुंकर?"

"तुमीच बांधा की आप्पा!"

आप्पांनी बांधला. पद सुरू झालं आणि पहिल्या आलापालाच हार जमिनीवर. काकी त्या दिवशी आल्या नव्हत्या. कुणीच त्यांना सांगायचं नाही, असं ठरलं.

*

त्याच्या पुढच्या रविवारी कुलूप मी उघडलं. किल्ली एकच, माझ्याच खिशात. आम्ही जाताना हार तारेनं आवळून गेलो होतो. तो माझ्या पेटीवर होता, नीट घडी घालून ठेवलेला.

मी पेटीला हात न लावता खाली उतरलो आणि दिलीप येईपर्यंत फुटपाथवर उभा राहिलो. भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू?

*

कोल्हापुरातल्या पहिल्या प्रयोगाला हार ऐन पदात पडला. प्रेक्षकांना वाटलं, म्हातारा मेलेला नाही हे असं सुचवलंय. टाळ्याच टाळ्या! "काय डोकं चालवलंय!" म्हणत लोक दिग्दर्शकाचे हात दाबत होते. तो बिचारा घाम पुसत होता.

काकी पहिल्या रांगेत होत्या. आत येऊन म्हणाल्या, "आज टाळ्यांपायी सोडते. जयसिंगपूरला पडला, की ह्यांची बॅग माझ्या हातात."

आप्पा खाली बघत मेकअप पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं.

*

जयसिंगपूरचा दुपारचा प्रयोग. दिलीपनं हार चार खिळ्यांनी फ्रेमला ठोकला. पद सुरू झालं. खिळे जागेवर राहिले आणि हार पडला. पडदा पडला तेव्हा काकी विंगेत उभ्या होत्या, हातात आप्पांची बॅग.

तेवढ्यात एक बाई स्टेजवर चढली. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. ती थेट फोटोपाशी गेली.

"पावणं, ह्यो कुठनं आणला?"

दिलीपनं बाजाराचं नाव सांगितलं. तिनं पदरानं काच पुसली.

"आमचं मालक हायत. शाहूवाडीचं आमी. आठ वर्षांमागं एस्टीत बसून गेलं, ते आलंच न्हाईत. समदी म्हनली, दिवस घाल, हार घाल. मी न्हाय घातला. मी हितं लेकीकडं आलते, तवर दिरानं फोटू भंगारात दिला." मग आमच्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमी घातलासा की हार. टिकला का वो?"

आप्पा म्हणाले, "एकदाबी न्हाय."

"मी सांगतच हुते की," ती म्हणाली आणि फोटो पदराखाली घेतला.

काकींनी बॅग खाली ठेवली. पिशवीतून करंडा काढला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.