परत आलेल्या पाकिटांची सरासरी

शेजारच्या वहिनी मूळच्या दिघाशीच्या. राहनाळच्या एका गोदामात त्या परतीच्या मालावर होत्या. ग्राहकांनी परत पाठवलेले कपडे तपासायचे आणि परतीचं कारण आकड्यात लिहायचं. एक म्हणजे साइज चुकली, दोन म्हणजे रंग आवडला नाही, तीन म्हणजे शिवण उसवलेली, चार म्हणजे पाकीट न उघडताच परत.

एका शनिवारी त्या ड्युटीवरून थेट आमच्याकडे आल्या आणि मोबाइलमधला फोटो पुढे केला. नव्या सुपरवायझरने प्रत्येक टेबलाच्या आकड्यांची सरासरी काढून कागद भिंतीवर लावला होता. वहिनींसमोर ३.२, सगळ्यांत जास्त. त्यांच्या मैत्रिणीसमोर १.८, सगळ्यांत कमी. जिचा आकडा जास्त, तिचं काम खराब. तिला सोमवारपासून ट्रक भरायला पाठवणार होते. वहिनींच्या कंबरेला ते झेपणारं नव्हतं.

"भाऊजी, तीन पॉइंट दोन म्हंजे मी नक्की काय केलं?"

त्या महिन्यात मी बातमीदारीच्या गरजेपोटी संख्याशास्त्राचा प्राथमिक वर्ग करत होतो. काही आकडे मोजतात, काही क्रम लावतात, काही नुसतं नाव देतात, हा पहिलाच धडा. हे आकडे तिसऱ्या जातीचे दिसत होते. तरी विचारलं, "तुमच्याकडेच चार इतके का येतात?"

"पैसे दारात द्यायचे, ती पाकिटं माझ्या टेबलावर. लोक दारातूनच परत लावतात. ती मी उघडवू का काय?"

वहीत कारणांचे क्रमांक उलटे लावून पाहिले. चारचा एक, तीनचा दोन, असं. वहिनींची सरासरी १.८ आली, मैत्रिणीची ३.२. वहिनींनी दोनदा बेरीज तपासली.

"माल तोच, आणि मी पहिली?"

सोमवारी वही घेऊन त्या सुपरवायझरपुढे उभ्या राहिल्या. पुढचं त्यांनीच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "नंबर बदलायला कोणी सांगितलं, मॅडम? सिस्टिम आहे ती."

"सायेब, तुमच्या लॉकरचा नंबर चाळीस. माझा दोन. मंग काय वीस मानसांचं काम करता तुम्ही?"

बाकीच्या बाया हसल्या. तो हसला नाही. वही मात्र नीट वाचली. मग विचारलं, "तर मग मोजायचं काय?"

"चुका मोजा. पाकिटं पुन्हा उघडा, कारण चुकीचं कुठं लिवलंय ते बघा."

प्रत्येक टेबलाची शंभर पाकिटं पुन्हा तपासली गेली. वहिनींच्या चार चुका निघाल्या. सगळ्यांत जास्त, अकरा, मैत्रिणीच्या. दुपारनंतर ती ट्रकवर गेली.

"आता मोजलं ते बरोबर ना, भाऊजी?"

बरोबर होतं. अकरा म्हणजे अकराच, कारणांचे क्रमांक कसेही लावले तरी. तसं मी सांगितलं.

मग वहिनींनी येतानाच्या रिक्षाचं सांगितलं. दोघी रोज रिक्षात मागे शेजारी बसून येत. आज मैत्रीण पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती.